कोयता पुन्हा आपल्याच फडावर यावा म्हणून



यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल वाचून झाल्यावर एका जाणत्या सभासदांनी उभे राहून विचारले, "यार्डातली न्हाणीघरं, नळ, दिवे, डॉक्टरची व्हिजिट, हा खर्च कुणाच्या खिशातला? आमच्या टनामागचाच ना? मंग कोयतेवाल्यांची सोय आम्ही का करायची? उचल दिली, दर दिला, आणखी काय पाहिजे?" सभेत टाळ्या पडल्या. विषयपत्रिका मोठी असल्याने सविस्तर उत्तर देता आले नाही. सबब शेतकी विभागातर्फे ते ह्या अंकात देत आहोत. टाळ्या वाजविणाऱ्यांवर आमचा राग नाही. पैसा सभासदांचा आहे, आणि तोडणी-वाहतूक वजा होऊनच उसाचे बिल आपल्या खात्यावर पडते, तेव्हा त्यातली पै अन् पै विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे.

ऊस विकासाचे काम करणाऱ्याला बेणे, खत, पाणी यांवर बोलायची सवय असते. माणसांवर बोलायची नसते. परंतु अलीकडे आमच्या खात्याचा निम्मा वेळ माणसांच्या मागे जातो. आपण लागण वेळेवर करतो, बेण्याला प्रक्रिया करतो, आडसालीची बांधणी करतो, पाटाच्या पाळीसाठी रात्री जागतो. सोळा-अठरा महिने पोसलेला हा ऊस शेवटच्या दिवशी आपण ज्याच्या हवाली करतो तो कोण, कुठला, आणि पुढल्या वर्षी पुन्हा येणार की नाही, याची चौकशी मात्र फारसे कुणी करीत नाही.

बुडख्याचा हिशेब

आधी एक साधा हिशेब मांडू. एका एकरात गाळपालायक चाळीस हजार ऊस आणि एक ऊस दीड किलोचा धरला, तर उतारा साठ टन. तोडकऱ्याने कोयता जमिनीलगत न घालता तीन इंच वर घातला तर प्रत्येक उसामागे पन्नासेक ग्रॅमचा तुकडा रानात राहतो. चाळीस हजार तुकड्यांचे वजन दोन टन होते. शिवाय हा तुकडा साधासुधा नव्हे. उसात साखर सर्वांत जास्त असते ती बुडाकडच्या कांड्यांत, आणि शेंड्याकडे ती कमी कमी होत जाते. म्हणजे गोड रानात ठेवायचे आणि शेंड्याची कोवळी कांडी पाचटासकट मोळीत बांधून गव्हाणीत टाकायची, असा हा व्यवहार. सभासदाचे वजन गेले आणि कारखान्याचा साखर उतारा गेला. खोडव्याचे नुकसान आणखी निराळे. वर राहिलेल्या बुडख्याचे डोळे फुटतात, पण त्या फुटव्याची मुळी जमिनीत धड उतरत नाही. मग आपणच रोजाने माणसे लावून बुडखे छाटून घेतो.

आता वाकून तोडायचे की उभ्या-उभ्या, हे कोण ठरवितो? स्लिपबॉय फडात तासभर उभा राहील, दिवसभर कुठे राहतो! ते ठरविते तोडकऱ्याची पाठ, आणि त्याचे मन. जो गडी चार वर्षे त्याच शिवारात येतो, ज्याला रानाचा मालक नावाने हाक मारतो, ज्याला पुढल्या साली ह्याच यार्डात खोपी घालायची आहे, तो वाकतो. जो पहिल्यांदाच आला आहे आणि अर्ध्या हंगामातून निघून जाण्याच्या बेतात आहे, त्याने आपल्या बुडख्याची काळजी का करावी?

तोड लांबण्याचेही तसेच. टोळ्या कमी पडल्या की पाळीपत्रक कागदावर राहते. डिसेंबरात तयार झालेला ऊस मार्चात उभा राहतो, तुरा येतो, कांड्यात दशी पडते, वजन घटते. एकरी पाच टन घटले आणि तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार हाती येतात असे धरले, तर एकरी पंधरा हजार रुपये नुसते उन्हात वाळले. न्हाणीघराचा खर्च सभासदांच्या डोळ्यांना दिसतो, हे पंधरा हजार दिसत नाहीत.

दर सगळीकडे तोच

पुष्कळांचा समज असा की चार पैसे जास्त फेकले की टोळी थांबते. वास्तविक तोडणीचा दर एकटा कारखाना ठरवीत नाही. तो साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना यांच्या राज्य पातळीवरील करारात ठरतो. पाथर्डीचे बबनराव ढाकणे, परळीचे गोपीनाथ मुंडे यांनी ह्या माणसांची बाजू लावून धरली, संप झाले, त्यातून ही रीत पडत आली. जानेवारी २०२४ मध्ये श्री. शरद पवार व श्रीमती पंकजा मुंडे यांच्या लवादाने तोडणीदरात ३४ टक्के वाढ ठरविली. टनाला २७३ रुपयांचा दर ३६६ रुपयांच्या आसपास गेला, मुकादमाच्या कमिशनात एक टक्का वाढला. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीने दिवसाकाठी दोन टन तोडला तर पहाटेच्या अंधारापासून गाडी भरून होईपर्यंतच्या कष्टाचे दोघांत मिळून सातशे-साडेसातशे रुपये होतात.

हा दर प्रवरेकाठी, मुळेकाठी, गोदावरीकाठी सारखाच. तेव्हा कारखान्यांची चढाओढ लागते ती उचलीत. एका कोयत्याची उचल आज लाखाच्या घरात गेली आहे. उचल म्हणजे दावे. दाव्याने बांधलेले जनावरसुद्धा दावे तुटेपर्यंतच गोठ्यात राहते, माणसाची गोष्ट तर त्याच्या पुढची. एका ठिकाणची उचल घेऊन दुसऱ्या ठिकाणी फडावर हजर झालेले मुकादम आपण पाहिले आहेत. त्यात बुडतो तो कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला वाहनमालक, आणि तो बहुधा आपल्याच सभासदाचा मुलगा असतो. उलट बाजूही सांगितली पाहिजे. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही म्हणून कुटुंबच्या कुटुंब अडवून ठेवल्याच्या हकीगती वर्तमानपत्रांत येतात. दोन्हीकडून अविश्वास, आणि मध्ये आपला उभा ऊस.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या खात्याचे तिघेजण पाथर्डी, आष्टी, शिरूर कासार भागातल्या वाड्या-वस्त्यांवर हिंडून आलो. आपल्या जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, पण जिल्ह्याचे दोन भाग होते तसेच आहेत. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेच्या पाटाखाली ऊस पसरला आणि उत्तरेचा भाग बागायती झाला. दक्षिण-पूर्वेचा पाथर्डी, शेवगाव, जामखेडचा बराच मुलूख पावसाच्या भरवशावर राहिला. दसरा-दिवाळी झाली की एका भागातला माणूस दुसऱ्या भागात कोयता घेऊन येतो. म्हणजे ज्याला आपण बाहेरचा समजतो तो पुष्कळदा आपल्याच जिल्ह्याचा असतो, फक्त त्याच्या शिवारात पाट नाही.

तिथे आम्ही एकच प्रश्न विचारीत होतो. मागे आमच्याकडे आलेली टोळी दुसऱ्या वर्षी का आली नाही?

एका मुकादमाने चहा पुढे करीत सांगितले, "साहेब, दर तुमच्याकडं बी तोच अन् तिकडं बी तोच. तिकडं यार्डात लाईट हाय. पोरीबाळी रातच्याला बाहेर जात्यात तवा भ्या वाटत नाही." दुसरा म्हणाला, "तुमचं पंधरवड्याचं बिल महिन्यानं निघतं. किराणावाला व्याज लावतो." टायरगाडीवाल्यांचे म्हणणे निराळे होते. गाडी काट्यापाशी रात्रभर उभी राहते, बैलांना पाणी नाही, आणि बैल बसला तर डॉक्टर कोण बोलावणार? एक म्हातारे मुकादम, ज्यांनी आपल्या तरुणपणी जिल्ह्यातले बहुतेक कारखाने पाहिले असावेत, त्यांनी मात्र एका वाक्यात सांगितले, "दुखणंखुपणं आलं तर बघणारं कोण हाय, ते आम्ही आधी इचारतो."

दराची गोष्ट निघाली ती अगदी शेवटी, आणि तीही आम्ही विचारली म्हणून. आम्हाला वाटले होते की उचल वाढवा असे सगळे म्हणतील. तसे म्हणणारे भेटलेच नाहीत असे नाही, पण पाणी, उजेड, बिल आणि दवाखाना ही चार नावे प्रत्येक वस्तीवर निघाली.

बायामाणसांचे हाल

हा विषय पुरुष कर्मचाऱ्यांनी बोलायचा नाही असा रिवाज आहे. तो बाजूला ठेवून लिहीत आहोत.

कोयत्यातली अर्धी मेहनत बाईची. नवरा तोडतो, ती मोळी बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, आणि खोपीवर परतल्यावर भाकरी थापते तीही तीच. सकाळी सर्वांच्या आधी उठते, कारण उजेड पडण्यापूर्वी आडोशाला जाऊन यावे लागते. दिवसभर फडात आडोसा नसतो म्हणून पाणी कमी पिते. मूत्रमार्गाची दुखणी कशी जडतात, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पाळीच्या दिवसांत विश्रांती घ्यावी तर खाडा. एका दिवसाच्या खाड्याला पाचशे रुपये, काही ठिकाणी त्याहून जास्त, कापून घेण्याची पद्धत मुकादमांत आहे. दिवसभराच्या दोघांच्या कमाईतून पाचशे गेले तर उरले काय?

२०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय विधिमंडळात गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांवर स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. वयाची चाळिशीही न गाठलेल्या पुष्कळ होत्या. कारणे अनेक सांगितली गेली. काही डॉक्टरांनी भीती घातली, काही जणींना वेदना सोसवेनात, काहींना पाळीचा त्रासच नको, खाडा नको असे वाटले. ह्याच भागातून आपल्याकडे टोळ्या येतात. आपल्या फडात मोळी वाहणाऱ्या बाया ह्या त्यांच्याच बहिणी-भावजया आहेत.

यार्डात पत्र्याची का होईना पण कडी लागणारी न्हाणीघरे व संडास बांधले, नळ घेतला, रात्रभर दिवा ठेवला आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात, त्यांच्याबरोबर नर्सबाई असतात, एवढेच आपण केले. पहिल्या वर्षी न्हाणीघरांत काही जणांनी सरपण रचून ठेवले, हेही सांगून टाकतो. खोपीत पाऊस गळत होता, सरपण कुठे ठेवायचे? मग सरपणासाठी वेगळे छप्पर करून दिले आणि न्हाणीघरे वापरात आली. नर्सबाई आल्यापासून रक्त कमी असलेल्या बायांना गोळ्या मिळू लागल्या. गरोदर बाईने मोळी वाहू नये, तिला खाडा लावू नये, ही अट आपण मुकादमाच्या करारनाम्यात घातली आहे. ती सगळीकडे पाळली जाते असा दावा आम्ही करीत नाही. पण करारात असल्याने आमच्या माणसाला फडात बोलता येते.

आता कुणी म्हणेल, शासनाने ह्यासाठी महामंडळ केले आहे ना? होय. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये आणि शासनाने तेवढेच घालावेत असे ठरले. २०२१ साली संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. तिच्या पहिल्या टप्प्यात आपल्या जिल्ह्यातले पाथर्डी आणि जामखेड हे तालुके आहेत. ह्या गोष्टी चांगल्या आहेत. परंतु महामंडळ आपल्या यार्डात रात्रीचा बल्ब बदलायला येणार नाही, ते काम आपले.

वसतिगृहाचा विषय निघाला म्हणून पोरांचेही सांगतो. १९९० नंतरच्या काळात 'जनार्थ' सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या तळांवर साखरशाळा चालविल्या. शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून अमलात आल्यावर मुलाने नियमित शाळेतच जावे असे धोरण आले आणि साखरशाळा मागे पडल्या. धोरण योग्यच, पण गावी आजी-आजोबा नसतील तर मूल आई-बापाबरोबर यार्डात येते, ते येतेच. आपण जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेशी बोलून ठेवले आहे. मुकादमाच्या यादीत मुलांची नावे व इयत्ता लिहून घेतो आणि पहिल्या आठवड्यात गुरुजी यार्डात येऊन जातात. ही पोरे शिकली तर कोयता हाती धरणार नाहीत, मग ऊस कोण तोडील, अशी शंका एका संचालकांनी बोलून दाखविली. आम्हाला विचाराल तर न धरोत. त्यांचे बाप धरतात तोवर तरी ते आपल्याकडे आनंदाने यावेत.

कारखान्याच्या भिंतीच्या आतले

हाच न्याय आपल्या कामगारांना लागतो, आणि इथे आपल्या जिल्ह्याला जुना अनुभव आहे.

लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, डॉ. धनंजयराव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहकारी कारखाना काढला आणि १९५० साली त्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हा आसपासच्या खेड्यांत फिटर, पॅनमन, केमिस्ट कुठून असणार? हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना असे खाजगी कारखाने आधीपासून होते, पण खाजगीतला कसबी माणूस माळरानावरच्या शेतकऱ्यांच्या कारखान्यात येऊन राहायचा म्हणजे त्याला घर पाहिजे, पोरांना शाळा पाहिजे, आजारपणात दवाखाना पाहिजे. सहकारी कारखान्यांभोवती वसाहती, शाळा, दवाखाने झाले ते केवळ पुढाऱ्यांच्या हौसेपोटी झाले असे जे बोलतात, त्यांनी ही बाजू पाहिलेली नाही. त्यांशिवाय माणूस टिकलाच नसता.

दवाखान्याचे तर आणखी एक कारण आहे. १९४८ च्या राज्य विमा कायद्यात हंगामी कारखाने वगळले होते, आणि हंगामी म्हणून ज्यांची नावे कायद्यात घातली त्यांत साखर होती. मुंबईच्या गिरणीतल्या कामगाराला विम्याचा दवाखाना मिळाला, साखरेतल्याला नाही. ग्रॅच्युइटीचेही तसेच. १९७२ च्या कायद्याने इतरांना वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि हंगामी आस्थापनेतल्या हंगामी माणसाला हंगामाला सात दिवसांचा असा हिशेब ठेवला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो सात दिवसांचाच आहे. कायद्याने हात आखडता घेतला तेथे कारखान्यांना आणि संघटनांना पुढे यावे लागले. श्रीरामपूरला साखर कामगारांच्या नावाने रुग्णालय उभे आहे, लोणीला मोठे ग्रामीण रुग्णालय झाले.

आणि 'रिटेन्शन' हा शब्द तर आपल्या कामगारांच्या तोंडी पगाराइतकाच रुळला आहे. हंगामी कायम कामगाराला गाळप बंद असतानाच्या महिन्यांत पगाराचा काही हिस्सा द्यायचा, म्हणजे बॉयलर पेटायच्या वेळी तो परत येतो. केंद्र सरकारने १९५७ साली नेमलेल्या साखर वेतन मंडळाने ह्या भत्त्याचा विचार केला, पुढे तो करारांतून चालत आला. कारागिराला जास्त, बिगाऱ्याला कमी. तो बसून खातो म्हणून कुणी कुचेष्टा करतात. पण हा भत्ता बसण्याचा नाही, परत येण्याचा आहे.

मात्र ह्या भत्त्याचे जुने गणित आता बिघडले आहे हे सभासदांनी ध्यानात घ्यावे. सुरुवातीचे कारखाने रोजी चार-पाचशे टन गाळीत. तेव्हा हंगाम चांगला पाच-सहा महिने चाले आणि रिटेन्शन उरलेल्या अर्ध्या वर्षापुरते असे. आज आपण विस्तार केला, रोजचे गाळप हजारांनी वाढविले, ऊस तेवढाच किंवा कमी. २०२४-२५ चा हंगाम राज्यातल्या बहुतेक कारखान्यांचा शंभर दिवसांच्या आत आटोपला. म्हणजे हंगामी माणसाला आठ-नऊ महिने त्या भत्त्यावर काढायचे आहेत. तो दुसरीकडे काम धरणार हे ओघाने आलेच, आणि धरलेले काम चांगले निघाले तर परत का येईल?

पॅनमनचे उदाहरण घ्या. प्रूफस्टिकने नमुना काढून काचेवर दाणा पाहायचा, चिमटीत तार धरायची आणि पॅन कधी खाली सोडायचा ते ठरवायचे, ही विद्या पुस्तकात नाही. मांजरीच्या वसंतदादा संस्थेत शिक्षण चांगले मिळते, पण हात बसायला हंगाम जावे लागतात. असा माणूस गेला आणि नवख्याच्या हातून दाणा बिघडला, तर एम-३० ची साखर एस-३० वर येते आणि पोत्यामागे भाव कमी येतो. तो तोटाही पुन्हा टनामागेच बसतो.

इथेही दर सगळीकडे तोच आहे. वेतनश्रेणी त्रिपक्षीय करारातून येते. जुलै २०२५ मध्ये १० टक्के वाढीवर एकमत झाले, ते सर्वांना सारखेच. मग आपला माणूस शेजारच्या किंवा कर्नाटकातल्या खाजगी कारखान्यात का जातो? त्याला विचारले तर तो क्वार्टरबद्दल बोलत नाही, बोनसबद्दलही नाही. "तिकडं एक तारखेला पगार होतो" असे म्हणतो. सहकारात पगार थकण्याचा रोग जुना आहे. काही कारखान्यांत महिनोन् महिने पगार नाही, पगारातून कापलेला फंडसुद्धा भरलेला नाही, अशी उदाहरणे राज्यात झाली. आमच्या मते वेळेवर पगार हीच पहिली कल्याण योजना. ती चालू नसेल तर क्रीडा महोत्सव, दिवाळीची साखर आणि निवृत्तीचा शाल-नारळ ह्यांना कुणी भुलत नाही. उचल वाढविण्यापेक्षा पंधरवड्याचे बिल पंधरा दिवसांत काढणे कारखान्याला अवघड जाते, कारण उचलीसाठी बँक कर्ज देते आणि बिलाला रोकड लागते. तरीही व्यवस्थापनाने येत्या हंगामात तोडणीच्या बिलाची तारीख पाळावी, असा आग्रह आमच्या खात्याने लेखी धरला आहे.

आमच्या स्वतःच्या खात्याविषयी थोडे. पदविका घेऊन आलेली तरुण मुले चीटबॉय, शेतकी मदतनीस म्हणून लागतात, दोन हंगाम पायपीट करतात आणि खताच्या नाहीतर बियाण्याच्या कंपनीत जातात. मोटारसायकलचे पेट्रोल वेळेवर मिळाले असते तर त्यांतली निम्मी राहिली असती, असे आमचे मत आहे. ते संचालक मंडळाला आवडणार नाही, पण असो.

मशीन आले की ही कटकट मिटेल, असेही सभेत कुणी म्हणाले. मशीन यावे, आम्ही त्याच्या विरोधात नाही. पण त्याला साडेचार-पाच फुटांची सरी लागते, सपाट व लांब रान लागते. आपल्या सभासदांची क्षेत्रे गुंठ्यांत आली आहेत आणि आडसाली ऊस वाऱ्याने लोळलेला असतो. शिवाय मशीनवरचा ऑपरेटर हाही माणूसच. गेल्या हंगामात एका ठेकेदाराचे मशीन ऐन जानेवारीत तीन दिवस उभे राहिले, ते ऑपरेटर दुसऱ्याकडे गेला म्हणून.

सभासदांनी काय करावे

तोडीसाठी टोळी पैसे मागते, ड्रायव्हर एंट्री मागतो, ह्या सभासदांच्या तक्रारी खऱ्या आहेत. त्या गट ऑफिसात लेखी द्याव्यात, कारवाई होते. आमचा अनुभव इतकाच की ज्या टोळीचे बिल वेळेवर निघते ती हात कमी पसरते. तसेच काही सभासद फडात पिण्याचे पाणी देत नाहीत, विहिरीला कुलूप घालतात, हेही खरे आहे. ज्यांच्या रानात जुन्या टोळ्या मागून घेऊन येतात, त्या सभासदांच्या बांधावर पाण्याचा माठ असतो, हे आम्ही पाहिले आहे.

तरी दसऱ्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या गट ऑफिसात जाऊन तीन गोष्टी नोंदवाव्यात. आपल्या तोडीच्या क्षेत्राजवळ पिण्याचे पाणी कोठून मिळेल ते. बायांसाठी आडोसा करण्याजोगी जागा बांधावर आहे का ते. कारखान्याकडून त्यासाठी बांबू व ग्रीन नेट मिळेल, ते टोळीबरोबर पुढच्या फडात जाईल, सबब कुणी उतरवून घरी नेऊ नये. आणि मागील हंगामात आपल्याकडे चांगली तोड केलेल्या टोळीच्या मुकादमाचे नाव. ती टोळी पुन्हा त्याच गटात देण्याचा प्रयत्न केला जाईल. डॉक्टरांच्या भेटीचे वार बॉयलर प्रदीपनाच्या दिवशी गट ऑफिसच्या फलकावर लागतील. वस्तीवर कोणी तोडकरी आजारी दिसल्यास त्या वारी त्याला यार्डापर्यंत पोचवावे, रस्त्यात आपली मोटारसायकल असतेच.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग